मदत हवी आहे: सप्तशृंगी गडावर आईला न्यायचंय

नमस्कार मंडळी,
आईला वणीच्या देवीच्या दर्शनाला न्यायचं आहे. कुलदेवीच ती आमची. मूळचे आम्ही खान्देशातले, आणि खान्देश म्हणजे देवीचं माहेर, त्यामुळे आईचा हट्टही तसाच आहे. वय 78, दोन्ही गुडघे गेलेले. साधारण पाचशे पायऱ्यांचा प्रश्नच नाही, म्हणून फ्युनिक्युलर ट्रॉलीनेच (रुळांवरून डोंगर चढणाऱ्या) जाणार.

अडतंय ते पुढे. ट्रॉलीतून उतरल्यावर गाभाऱ्यापर्यंत किती चालावं लागतं? मध्ये पायऱ्या आहेत का? व्हीलचेअर तिथे मिळते की आपली न्यावी? रांगेत तासभर उभं राहणं तिला जमणार नाही, तेव्हा ज्येष्ठांसाठी वेगळी सोय असेल तर नक्की सांगा.

दुसरं, ओटीचं. देवीची मूर्ती आठ फुटी, अठरा भुजांची, म्हणून साडी अकरा वारी आणि चोळीला तीन खण, असं आई सांगते. ते गडावर मिळतं की नाशिकहूनच घ्यावं? आणि दिलेली साडी त्याच दिवशी नेसवतात का? आईला तेवढं एक बघायचंय.

चैत्रातली यात्रा टाळतोय. त्या गर्दीत खाजगी गाड्या पायथ्याच्या नांदुरी गावातच थांबवतात आणि पुढे एसटीने जावं लागतं, तिला ते झेपायचं नाही. पौष-माघातला मधला वार कसा राहील? पहाटे वर थंडी फार असते का?

नुकतंच कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.