आमिष घालून हरणाची शिकार: यात वावगे नेमके काय आहे?

वाळपईचा मास्तर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझा भाचा गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तिथे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो आणि यंदा एका सहकाऱ्याने त्याला सोबत येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले आहे. सहकाऱ्याची स्वतःची जमीन आहे, झाडाला बांधलेले मचाण आहे आणि मचाणापासून चाळीस पावलांवर तो महिनाभर मका टाकत आला आहे. परवाना, जागा, मक्याचे प्रमाण, सगळे नियमात बसते. त्याच्या भागात दोन गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसात लिटर मापाचा मका ठेवण्याची मुभा आहे. भाच्याने फोनवर विचारले, "मामा, जाऊ का?" आणि तीस वर्षे वर्गात उत्तरे देत आलेल्या मला उत्तर सुचले नाही.

दोन सोपी उत्तरे मी आधीच बाजूला ठेवतो. मारणेच वाईट, असे मी म्हणू शकत नाही. श्रावण सोडला तर माझ्या ताटात मासळी असते. कायद्यात बसते म्हणून योग्य, असेही मला म्हणायचे नाही. माझी अडचण केवळ त्या मक्याच्या ढिगाशी आहे. भाचा रानात दिवसभर हिंडून, वाऱ्याचा अंदाज घेत हरणापर्यंत पोहोचला असता तर मला काही वाटले नसते, पण महिनाभर जेवू घालून मग बंदूक रोखायची, हे मनाला पटत नाही. मात्र इथेच माझी गोची होते, कारण लहानपणापासून मी गरीला गांडूळ लावून म्हादईच्या काठी बसत आलो आहे आणि त्यात मला कधीही काही गैर वाटलेले नाही. गांडूळ चालते आणि मका चालत नाही, याला काही कारण आहे, की हरणाचे डोळे मोठे असतात एवढाच त्याचा अर्थ?

ज्यांना रानाची, जनावरांची किंवा तिकडच्या शिकारीची माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे. शाकाहार विरुद्ध मांसाहार हा वाद या धाग्यावर नको.

सांग्याचा कुळागरवाला

मास्तर, आपल्या प्रश्नाने मला पन्नास-पंचावन्न वर्षे मागे नेले. माझ्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. उन्हाळ्यात ओहोळ आटू लागला की ते एका जुन्या किंदळाच्या बुंध्याशी खडेमीठ कुटून चिखलात कालवून ठेवत आणि पुढचे तीन-चार दिवस तिकडे फिरकतही नसत. मी नऊ-दहा वर्षांचा असेन; सकाळी जाऊन खुरांचे ठसे वाढले की नाही, एवढे पाहून येणे हे माझे काम. एकदा त्यांनी मला रात्री सोबत नेले. चांदणे होते. भेकर आले आणि झाडीच्या कडेला बराच वेळ थांबले. पुढचा एक पाय उचलून तसेच उभे राहिले, मग खाली मान घालून चाटू लागले. जिभेचा तो खरखर आवाज आमच्या बैठकीपर्यंत ऐकू येत होता. वडिलांनी बार काढला आणि भेकर जागीच पडले. घरी आणून सोलताना पाहिले तर त्याच्या जिभेवर मिठाचा चिखल तसाच होता. सात घरांत वाटे झाले, आम्हीही जेवलो, आणि मी आवडीने जेवलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

परंतु वडील याला कधी शिकार म्हणत नसत, हे मला आज महत्त्वाचे वाटते. गावची पारध, जिच्यात हाकारे असत, कुत्रे असत आणि निम्म्या वेळा सगळे रिकाम्या हाताने घरी येत, तिच्या गोष्टी ते चार लोकांत रंगवून सांगत. मिठावर मारलेल्या जनावराची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितल्याचे मला आठवत नाही. मांस हवे होते, ते आणले, एवढेच.

आता कोणी म्हणेल की पिकलेल्या आंबाड्याखाली दबा धरून बसणे आणि मीठ ठेवून बसणे यांत फरक तो काय, दोन्हीकडे जनावर खायलाच येते. फरक आहे, असे मला वाटते. आंबाडा कुठे उभा आहे हे शिकाऱ्याने ठरवलेले नसते; जनावर त्या झाडाला शिकाऱ्याइतकेच, किंबहुना अधिक ओळखते, आणि वारा उलटला तर शिकाऱ्याला निमूट उठून घरी जावे लागते. आमिषाची जागा मात्र शिकारीच निवडतो: वारा त्याच्या सोयीचा, चांदणे त्याच्या सोयीचे, अंतर त्याच्या बंदुकीच्या सोयीचे. जनावराच्या हाती शंकेने थांबणे तेवढे उरते, आणि तीन-चार रात्री काही न घडल्यामुळे ती शंकाही बोथट झालेली असते. मीठ ठेवून मध्ये चार दिवस न जाण्याचा हेतूच तो होता. आपला भाचा ज्या मचाणावर बसणार आहे, तिथे हे काम महिनाभर चालले आहे.

शेताच्या मेरेवर बसणे मात्र मी यात धरत नाही. माझ्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेत, गवे शिरतात, रानडुकरे केळीचे कोंब उकरतात. केळ मी त्यांना बोलावण्यासाठी लावलेली नाही.

मडगावचा परतलेला

मी अकरा वर्षे मिनेसोटात होतो. तिथे हरणासाठी आमिष घालण्यास पूर्ण बंदी आहे, नदीपलीकडच्या विस्कॉन्सिनात काही जिल्ह्यांत परवानगी आहे आणि टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर वेळ लावलेल्या यंत्रातून मका सांडण्याची पद्धत सर्रास आढळते. त्यामुळे कोणत्याही एका राज्याचा नियम म्हणजे तिकडच्या लोकांची नीती, असे समजू नये.

मी शेजाऱ्यांबरोबर दोनदा गेलो होतो. पहिल्या वेळी आमिष नव्हते. शेजाऱ्याने शंभरएक पावलांवरून चालत्या हरणावर गोळी झाडली आणि ती मागच्या फऱ्यात लागली. बर्फावरचे रक्त पाहत आम्ही तीन तास चाललो, अंधार पडल्यावर परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला मेलेले सापडले. त्याच्या अंगाखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, म्हणजे रात्रीचा बराच काळ ते जिवंत असले पाहिजे. मक्यावर आलेले हरण स्थिर उभे असते, अंतर मोजलेले असते, मादीसोबत पाडस आहे का, हे पाहायला वेळ मिळतो. माझ्या मते, मारायचेच ठरले असेल तर हा मुद्दा हलका नाही.

तिकडचे शिकारी 'न्याय्य पाठलाग' हा शब्द फार वापरतात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ही कल्पना रूढ केली, आणि तिचा गाभा असा की जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे. त्या काळी बेसुमार शिकारीने रानेच्या राने रिकामी झाली होती, त्यामुळे तेव्हा ते योग्यच होते. आज त्याच देशाच्या अनेक भागांत लांडगे उरले नाहीत आणि पांढऱ्या शेपटीची हरणे इतकी वाढली आहेत की रानातली कोवळी रोपे ती वर येऊ देत नाहीत. तिथे संख्या कमी करणे हाच हेतू असेल, तर 'संधी' देणे म्हणजे जखमी करण्याची शक्यता वाढवणे ठरते. कुळागरवाल्यांच्या वडिलांनी ती गोष्ट सांगितली नाही हे खरे, पण ते भेकर जागीच पडले हेही त्यांनीच लिहिले आहे. आपण खेळात आहोत हे हरणाला ठाऊक नसते. मग नियम कोणाच्या समाधानासाठी पाळायचे?

डिचोलीचा गुरांचा डॉक्टर

मडगावच्या मित्रांचा मुद्दा मला अर्धा पटतो. ज्या हरणाला गोळी लागते, त्याच्यापुरती आमिषाची दया खरी आहे. परंतु त्या ढिगावर एकच हरण येत नाही. मारायचे एक किंवा दोन असतात, खायला येतात पंधरा-वीस, आणि त्यांचा हिशेब या चर्चेत अजून कोणी मांडलेला नाही.

रानातली हरणे एरवी विखरून चरतात. ढीग घातला की तीच जनावरे एका ठिकाणी तोंडाला तोंड लावून खातात आणि एकमेकांची लाळ खातात. मिशिगन राज्याच्या ईशान्य भागात रानटी हरणांमध्ये गुरांचा क्षयरोग टिकून राहिला, त्यामागे असे एकत्र खाणे हे एक मोठे कारण मानले गेले. त्याहून अवघड दुखणे म्हणजे हरणांचा क्षीण होत जाण्याचा मेंदूचा रोग. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला आणि विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला. त्याचे कारण जंतू किंवा विषाणू नसून प्रायॉन नावाचे विकृत प्रथिन आहे. ते लाळेतून व विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्यावर औषध नाही, लस नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. म्हणूनच विस्कॉन्सिनात एखाद्या जिल्ह्यात असे एक जरी हरण सापडले, तरी त्या जिल्ह्यात तीन वर्षे आमिष घालणे बंद होते. ढीग उचलला तरी त्याखालची जमीन तिथेच राहते.

दुसरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लग्नाच्या जेवणावळीनंतर उरलेला भात कोणीतरी मायेने गाईपुढे ओततो आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणे येते. गाय उभी राहत नाही, पोट गच्च, शेण पातळ आणि आंबूस वासाचे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम पिष्ट पडले की आम्ल वाढते आणि जनावर दगावू शकते. हिवाळ्यात डहाळ्या आणि कळ्या खाऊन राहणाऱ्या हरणापुढे अचानक मक्याची रास पडली, तर नेमके हेच होऊ शकते. तेव्हा "निदान खायला तर घालतो" हे समर्थन कोणी करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

माशांच्या गरीबद्दल मास्तरांनी विचारले आहे. एका गांडुळाने नदीतल्या मासळीच्या सवयी बदलत नाहीत. त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

फोंड्याचा वकील

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच मारणे, पकडणे, फासे लावणे, हाकारणे यांच्याबरोबर आमिष घालणेही येते आणि त्यासाठी केलेला प्रयत्नही येतो. म्हणजे भेकरासाठी मीठ ठेवणारा माणूस बंदूक न उचलताही शिकारी ठरतो. त्यापेक्षा रोचक बाब अशी की १९७२ च्या मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करता येत होती, तरी चाटणावर (जनावरे मीठ चाटायला येतात त्या जागी), पाणवठ्यावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर जनावर मारण्यास, पाणपक्ष्यांसारखे अपवाद वगळता, तेव्हाही मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांचा तो काळच संपला. खोतीगावच्या अभयारण्यात पाणवठ्याजवळ मनोरा आहे. तिथे आज आपण बसतो ते पाहण्यासाठी.

पेडण्याची वाचक

महाभारतात मृगरूपातल्या किंदम ऋषीला पंडू बाण मारतो, तेव्हा मरता मरता किंदम त्याला सांगतो की तू हरीण मारलेस याचा मला राग नाही, पण मी मादीसोबत रत असताना थांबला नाहीस, हा तुझा अपराध. मारणे आणि मारण्याची वेळ, या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या आणि शाप दुसऱ्या गोष्टीसाठी दिला. मास्तरांचा मका मला त्याच जागी दिसतो. जनावर अन्नावर मान घालते तेव्हा त्याचा सावधपणा सुटलेला असतो, आणि इथे तो आपणच महिनाभर खपून सोडवलेला असतो.

मडगावच्या दादांना एक विचारायचे आहे. दुसऱ्या वेळी आमिष होते, तेव्हाचे आपण काहीच लिहिले नाही.

मडगावचा परतलेला

ताई, आपण बरोबर पकडले. दुसऱ्या वेळी आम्ही विस्कॉन्सिनात मक्यावर बसलो होतो. पंचवीस मिनिटांत काम झाले, हरण एका गोळीत पडले, वेदना जवळपास नाहीत. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मांस उत्तम होते. माझे मत मी बदललेले नाही, पण ती गोष्ट मीही आजवर कोणाला सांगितली नव्हती, हे कुळागरवाल्यांचा मजकूर वाचताना लक्षात आले.

वाळपईचा मास्तर

सर्वांचे आभार. हा धागा मी भाच्याला जसाच्या तसा पाठवला. त्याने सहकाऱ्याला दोन गोष्टी विचारल्या: जिल्ह्यात तो मेंदूचा रोग सापडला आहे का, आणि हंगाम संपल्यावर मक्याचे काय होते. पहिल्याचे उत्तर "अजून नाही" असे मिळाले. दुसऱ्याचे उत्तर असे की हंगामानंतर मका टाकणे थांबते. त्याच्या कॅमेऱ्यात गेल्या डिसेंबरची छायाचित्रे होती, ती त्याने भाच्याला सहज दाखवली. बर्फ पडलेला आहे, ढिगाची जागा रिकामी आहे, आणि तीन हरणे खुरांनी बर्फ उकरून खाली काही उरले आहे का ते पाहत आहेत. भाच्याने तेच छायाचित्र मला पाठवले, सोबत काही लिहिले नाही.

तो जाणार आहे. मात्र जमिनीच्या दुसऱ्या टोकाला ओकच्या झाडांची एक रांग आहे, तिथे जमिनीवर बसण्याची परवानगी त्याने मागून घेतली आहे. सहकारी हसला म्हणे. तिथे नऊ दिवसांत एकही हरण दिसणार नाही, असे त्याने बजावले. नेम स्थिर असल्याशिवाय आणि अंतर कमी असल्याशिवाय गोळी झाडू नको, एवढे मी मडगावच्या मित्रांच्या अनुभवावरून त्याला कळवले आहे.

गरीचा प्रश्न डॉक्टरांनी अर्धाच सोडवला. रविवारी मी नदीवर गेलो होतो. गांडुळांची डबी न उघडताच परत आणली आणि माडाच्या आळ्यात रिकामी केली. पाऊसही आला होता, त्यामुळे नक्की कशामुळे परतलो ते मला सांगता येत नाही.