अपघातानंतर गाडी गॅरेजमध्ये असेपर्यंत विमा कंपनीकडून पर्यायी गाडी मिळते का?

प्रश्न – गोदाकाठ

नमस्कार. नाशिक–पुणे महामार्गावर सिन्नरजवळ आमच्या गाडीला मागून पिकअप टेम्पोने धडक दिली आणि त्या धक्क्याने गाडी पुढच्या ट्रकवर जाऊन आदळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही; मात्र डिकी, मागचा बंपर, बॉनेट आणि रेडिएटर यांचे बरेच नुकसान झाले. पोलिसांनी पंचनामा केला आहे आणि टेम्पोने मागून धडक दिल्याची नोंद त्यात आहे. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये असून विमा कंपनीचे सर्व्हेअर (नुकसान तपासणारे) पाहणी करून गेले आहेत, परंतु काही सुटे भाग यायचे असल्याने गाडी कधी मिळेल हे कोणीच खात्रीने सांगत नाही.

माझ्या पत्नीची नोकरी माळेगाव औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिच्या पाळीच्या वेळेला बस नसल्यामुळे रोज भाड्याची गाडी करावी लागते. पॉलिसी सर्वसमावेशक असून तिच्यात झिरो डेपही (घसारा न कापण्याची जादा सोय) आहे, तरीही कंपनीच्या मदत क्रमांकावर ‘आपल्या पॉलिसीत पर्यायी गाडीची तरतूद नाही’ एवढेच सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मेहुण्याला अशाच प्रसंगी लगेच दुसरी गाडी मिळाली होती. आपल्याकडे असा हक्क खरोखरच नाही का? आणि चूक टेम्पोवाल्याची असताना हा खर्च त्याच्या विमा कंपनीकडून वसूल करता येईल का? टेम्पोमालक काही रोख रक्कम देऊन ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून मागत आहे, तेही घ्यावे की नाही, हे कळत नाही.

उत्तर १ – निवृत्त विमा अधिकारी

मदत क्रमांकावर मिळालेले उत्तर रुक्ष असले तरी चुकीचे नाही. आपल्याकडील खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यावी, बदलून द्यावी किंवा नुकसानीची रोख भरपाई द्यावी, असे तीन पर्याय असतात आणि त्यांतला कोणता स्वीकारायचा हे कंपनी ठरवते. त्यातील ‘बदलून देणे’ हे अंतिम भरपाईच्या स्वरूपात आहे. दुरुस्ती होईपर्यंत वापरायला गाडी देण्याशी त्याचा संबंध नाही. उलट, अपघातामुळे ओघाने होणारे नुकसान, म्हणजे गाडी वापरता न आल्याने झालेला खर्च किंवा बुडालेली मिळकत, त्याच पॉलिसीत स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. गाडी ओढून नेण्यासाठी खासगी मोटारीला १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, आणि गाडी गॅरेजात पोहोचली की वाहतुकीच्या खर्चाबाबत मूळ पॉलिसीची जबाबदारी संपते.

झिरो डेपविषयी अनेकांचा गैरसमज असतो, म्हणून सांगतो. प्लास्टिक आणि रबर यांच्या भागांच्या किमतीतून एरवी जो ५० टक्के घसारा कापला जातो, तो त्या ॲड-ऑनमुळे (जादा हप्ता भरून घेतलेल्या जोड-संरक्षणामुळे) कापला जात नाही. टॅक्सीचे भाडे त्यात कोठेही बसत नाही.

पर्यायी वाहनाची सोय दैनिक भत्ता या वेगळ्या ॲड-ऑनमध्ये असते. काही कंपन्या रोजची ठरावीक रक्कम देतात, तर काही टॅक्सीची कूपने. प्रत्यक्ष गाडी देणाऱ्या मोजक्याच, आणि तीही त्या शहरात उपलब्ध असेल तर. तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये (तपशीलपत्रात) हप्त्याच्या तक्त्याशेजारी ॲड-ऑनची नावे बारीक अक्षरांत असतात, ती एकदा नीट पाहावीत. मदत क्रमांकावरील कर्मचारी कधीकधी केवळ मूळ पॉलिसी पाहून उत्तर देतात. ॲड-ऑन असल्याचे आढळले, तरी पहिले काही दिवस वगळले जातात, एकूण दिवसांना मर्यादा असते, केवळ काच फुटली असल्यास भत्ता बहुधा मिळत नाही आणि सुटे भाग न आल्यामुळे वाया गेलेले दिवस मोजायचे की नाहीत, याबाबत प्रत्येक कंपनीच्या अटी निराळ्या असतात. माझ्या मते ज्या घरात एकच गाडी आहे आणि नोकरी तिच्यावरच अवलंबून आहे, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी हे ॲड-ऑन अवश्य घ्यावे. घरात दुसरी गाडी असेल तर त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. या अपघातासाठी मात्र ते आता घेता येणार नाही.

उत्तर २ – वकिली करणारा

वरील उत्तर तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीपुरते आहे. टेम्पोमालकाच्या बाबतीत कायद्याची बाजू वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार, अपघातात ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले त्या मालकाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तुम्ही जेथे राहता, जेथे अपघात झाला किंवा जेथे प्रतिवादी राहतो, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणचे न्यायाधिकरण निवडता येते. त्यामुळे तुम्हाला नाशिकमध्येच अर्ज दाखल करता येईल. चालक, मालक आणि त्यांची विमा कंपनी अशा तिघांना प्रतिवादी करावे. टेम्पोचा क्रमांक एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि तो चालू आहे का, हे कळते. कायद्यात २०१९ साली झालेल्या आणि एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून वाट पाहत बसू नये.

स्वतःच्या कंपनीकडून दुरुस्तीचा खर्च मिळाल्यावर तोच पुन्हा मागता येत नाही. मात्र जे तुम्हाला मिळाले नाही, म्हणजे सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये तुम्हीच भरायची रक्कम) आणि गाडी नसताना झालेला वाहतूक खर्च, त्याची मागणी करता येते. त्यासाठी गाडी कोणत्या दिवशी आली आणि कोणत्या दिवशी दुरुस्त होऊन गेली याचे वर्कशॉपचे पत्र, भाड्याच्या गाड्यांची बिले, शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून केलेली देयके आणि पत्नीच्या कंपनीकडून पाळीच्या वेळांचे पत्र, एवढे पुरावे हाताशी ठेवावेत. हॅचबॅकच्या जागी मोठी एसयूव्ही भाड्याने घेतली असेल तर प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तच असेल.

दोन अडचणी आधीच लक्षात घ्याव्यात. तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे येथे तुमच्यासारख्या नुकसान झालेल्याच्या, मालमत्तेसाठी अशा वाहनांच्या विम्यात सहसा साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते, परंतु हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून काही मालक ते ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. तसे असल्यास उरलेली रक्कम मालकाकडूनच वसूल करावी लागते. दुसरे म्हणजे, अशा अर्जाचा निकाल लवकर लागत नाही, म्हणून हे पैसे उद्याच्या टॅक्सीसाठी उपयोगी पडतील असे समजू नये. राष्ट्रीय लोकअदालतीत मात्र अशी छोटी प्रकरणे तडजोडीने मिटतात.

टेम्पोमालकाला ‘तक्रार नाही’ असे कदापि लिहून देऊ नका. तुमच्या कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले की ते टेम्पोमालकाकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. तो तुम्ही परस्पर सोडून दिला, तर कंपनी तुमच्या क्लेमवरच हरकत घेऊ शकते.

उत्तर ३ – सर्व्हिस ॲडव्हायझर, सातारा

हक्काविषयी वरच्या दोघांनी लिहिलेच आहे. मी वर्कशॉपमध्ये दिवस कोठे जातात एवढेच सांगतो, कारण पर्यायी गाडी मिळत नसेल तर स्वतःची लवकर मिळवणे हाच उपाय उरतो.

पहिले एस्टिमेट वरून दिसणाऱ्या नुकसानीचे असते. गाडी खोलल्यावर आत रेडिएटर सपोर्ट वाकलेला किंवा एसीचा कंडेन्सर फुटलेला निघतो, मग पुरवणी एस्टिमेट जाते, सर्व्हेअरला पुन्हा पाहणी करावी लागते आणि तोपर्यंत सुट्या भागांची ऑर्डर अडकून राहते. म्हणून ‘गाडी पूर्ण खोलून मगच सर्व्हेअरला बोलवा’ असे ग्राहकाने सांगितलेले आम्हालाही सोयीचे असते. तुमचा सर्व्हे झाला आहे, तेव्हा पुरवणी एस्टिमेट बाकी आहे का, हे आजच विचारावे. ‘पार्ट मागवले आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नये. प्रत्येक भागाचा ऑर्डर क्रमांक आणि तारीख मागावी. क्रमांक नसेल तर ऑर्डरच गेलेली नाही असे खुशाल समजावे.

शेवटचा घोळ डिलिव्हरीच्या वेळी होतो. काम झाल्यावर फेरपाहणी, मग अंतिम बिल, मग कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर (गाडी सोडण्याची मंजुरी), असा क्रम असतो. शुक्रवारी संध्याकाळी बिल गेले की धुऊन-पुसून तयार असलेली गाडी सोमवारपर्यंत शेडमध्ये उभी राहते. त्यामुळे रंगकाम सुरू असतानाच फेरपाहणीची वेळ ठरवून घ्यावी. तुमच्या वाट्याची रक्कम, म्हणजे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढील गाडीला २,००० रुपये सक्तीची वजावट, शिवाय पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तू, ही आधीच विचारून तयार ठेवावी.

उत्तर ४ – रेडिंगहून

मेहुण्यांना गाडी मिळाली ती बहुधा दोनपैकी एका मार्गाने. येथे इंग्लंडमध्ये विमा कंपनीच्या मान्यताप्राप्त गॅरेजात गाडी दिली, तर दुरुस्ती होईपर्यंत पुष्कळ पॉलिसींत एखादी छोटी गाडी मिळते. पण गाडी दुरुस्तीपलीकडे गेली किंवा चोरीला गेली, तर वेगळे संरक्षण घेतल्याशिवाय सहसा मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे चूक समोरच्याची असताना भाडे कंपनी उधारीवर गाडी देते आणि तो खर्च समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल करते. ज्याच्याकडे रोख भाडे भरण्याची ऐपत नाही, त्याला उधारीचा हा वाढीव दरही मिळू शकतो, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या येथील सर्वोच्च न्यायालयाने) २००३ साली दिला. तरीही गरज होती का, दर रास्त होता का आणि दिवस किती, यांवर येथेही वाद होतात, आणि वसुली फसली तर भाड्याच्या करारानुसार बिल ग्राहकाच्या गळ्यात पडू शकते.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेड्यूल पाहिले, दैनिक भत्ता घेतलेला नाही. पुरवणी एस्टिमेट वर्कशॉपने अद्याप पाठवलेलेच नव्हते. ते आज माझ्यासमोर पाठवले. एकच शंका उरते. शेजारचे एक गृहस्थ त्यांची दुसरी गाडी महिन्याच्या ठरलेल्या भाड्याने वापरायला देण्यास तयार आहेत. ती घ्यावी का?

निवृत्त विमा अधिकारी

भाडे देऊन घेऊ नये. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो आणि तशा वापरात अपघात झाला तर त्या गृहस्थांचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. ते शेजारधर्म म्हणून विनामोबदला देत असतील आणि पत्नीकडे वैध परवाना असेल, तर हरकत नाही. भाडेच द्यायचे असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेली गाडी घ्यावी. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या अर्जाला तिचे बिलही जोडता येईल.

आणि पुरवणी एस्टिमेट गेल्याची तारीख ईमेलने कंपनीला कळवून ठेवा. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवालानंतर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत अपेक्षित आहे. तो न आल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर न मिळाल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयाकडे जाता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही.