मदत हवी आहे : अपडेटनंतर गाडी उगाच ब्रेक मारते

नमस्कार मंडळी. राहायला गोव्यात फोंड्याला, कामाला वेर्ण्याला. इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड वर्ष झालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या महिन्यात रात्री घरच्या वायफायवर गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि तेव्हापासून गाडीचा स्वभावच बदलला. झुआरीच्या नव्या पुलावर तक्रार नाही, क्रूझ कंट्रोल मस्त चालतो. रडगाणं आहे ते बोरी-लोटलीच्या वळणांचं. समोरून बस आली, किंवा कडेने पोदेर (पाववाला) सायकलवरून चालला असला, की गाडी स्वतःच कचकन ब्रेक मारते. परवा मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला. त्याने घातलेल्या शिव्या मुकाट ऐकल्या, त्याचं काय चुकलं?

लेन असिस्ट, म्हणजे पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवणारी सोय, तर मी बंदच करतो. पावसानंतर रस्त्यावरचे पट्टे उरलेत कुठे? पण गाडी बंद करून परत सुरू केली की ते पुन्हा चालू!

सर्व्हिसवाले म्हणतात, 'सेटिंग नॉर्मल आहे.' अपडेटच्या आठ दिवस आधी पुढची काच बदलली होती. समोरचा रस्ता बघणारा कॅमेरा काचेमागेच असतो, म्हणजे नवी काच बसवल्यावर कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा नीट जुळवून घेणं) करायला हवं होतं ना? बिलात त्याचा उल्लेख नाही. मग दोष काचेचा की अपडेटचा, हे ओळखायचं कसं? जुनं व्हर्जन परत टाकून मिळतं का? धडकेचा इशारा उशिरा देणारं सेटिंग ठेवून कोणाला फरक पडलाय का?

चवथीला सगळ्यांना घेऊन अनमोड घाटाने बेळगावला जायचंय. तोवर काहीतरी सुचवा.