८ नोव्हेंबर फुजी सहल: पाचवं स्टेशन ठेवायचं की गाळायचं? गुरुवारपर्यंत सांगा

प्रेषक: मेघना (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

बसवाल्यांचा काल परत फोन येऊन गेला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबे फायनल करून द्यायचेत, त्यानंतर बदल घेणार नाहीत. आत्ता कागदावर आहे ते असं: टोकियोतल्या निशी-कासाईहून सकाळी ६:४५ ला निघायचं, आधी पाचवं स्टेशन (फुजीच्या उतारावर जिथपर्यंत बस जाते ते), मग खाली उतरून कावागुचिको तलावाकाठी ओइशी पार्क आणि मोमिजीचा, म्हणजे लाल झालेल्या मेपलच्या झाडांचा रस्ता, जाता जाता ओशिनो हाक्काई ही आठ तळी, रात्री ८ ला परत. एवढं सगळं शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये बसत नाही, एक थांबा काढा असं ते म्हणतायत. कावागुचिको तर काढता येणार नाही, म्हणजे पाचवं स्टेशन नाहीतर ओशिनो.

यादीत १४ ज्येष्ठ आहेत, एकांची व्हीलचेअर आहे, आणि दहा वर्षांखालची ९ मुलं. प्लीज या दोनातलंच एक सांगा. फुजीऐवजी हाकोनेला जायचा विषय जूनमध्ये झालाय.

मेघना

---

प्रेषक: प्रसाद

माझं मत पाचवं स्टेशन. कारण सांगतो. आपण इथे राहतो, आपल्याला फुजी काय, हिवाळ्यात ऑफिसच्या खिडकीतून पण दिसतो, पण यादीतले बहुतेक आईबाबा तीन महिन्यांसाठी आलेत आणि परत कधी येतील सांगता येत नाही. गावी गेल्यावर फुजी बघितला आणि फुजीवर जाऊन आलो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुबारू लाइन या डोंगररस्त्याने बस थेट २३०५ मीटरवर नेऊन सोडते, एक पायरी चढायला लागत नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. म्हणजे जन्मात जेवढ्या उंचीवर गेले नसतील तेवढ्या उंचीवर ते बसल्या जागी जाणार. वर कोमिताके देऊळ आहे, ढग पायाखाली दिसतात, यामानाका तलाव दिसतो. ओशिनोला काय, तळी आणि दुकानं.

उन्हाळ्यात खाजगी गाड्या वर सोडत नाहीत, गर्दी असते, आता ४००० येन फी आणि दुपारी २ ला बंद होणारं गेट, हे सगळं चढणाऱ्यांसाठी आहे. नोव्हेंबरात तो प्रश्नच नाही.

प्रसाद, कावासाकी

---

प्रेषक: शुभांगी

प्रसाद, तुझी तळमळ समजते रे, पण ज्येष्ठांच्या वतीने मला बोलू दे, ज्येष्ठांची बाजू या लिस्टवर मीच बघत आले आहे.

पाचव्या स्टेशनवर उभं राहिल्यावर फुजी दिसतच नाही. म्हणजे तो जो शंकूसारखा, कॅलेंडरवरचा फुजी, तो तिथून कसा दिसणार, आपण त्याच्याच अंगावर उभे. वर मान केली की काळपट लालसर खडीचा उतार आणि धुकं. माझ्या सासूबाईंना आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी नेलं होतं. खाली कावागुचिकोला छान ऊन, वर दार उघडलं तर असा वारा की त्यांची शाल उडून बसच्या आरशाला अडकली. पाच मिनिटांत म्हणाल्या, मी आत बसते, तुम्ही जाऊन या. मग कोण जाणार? आम्हीही आतच बसलो. परत येताना वळणांनी पोटात ढवळलं ते वेगळंच.

ओशिनो मात्र त्यांना अजून आठवतं. फुजीवरचा बर्फ वितळून ते पाणी लाव्हाच्या थरांतून कित्येक वर्षं झिरपत तिथे वर येतं, बारा महिने तेवढंच थंड, आणि इतकं नितळ की तळाचं शेवाळ हलताना दिसतं. सासूबाईंनी पिण्याच्या झऱ्यावर ओंजळ धरली, डोळ्यांना लावली, मग प्यायल्या. आठही तळ्यांची मिळून पूर्वी यात्रा व्हायची, डोंगर चढण्याआधी लोक तिथे अंग धुवायचे. आपल्याकडच्या बायकांना हे सांगावं लागत नाही. शिवाय सगळं सपाट, व्हीलचेअर जाते, आणि आकाश मोकळं असलं तर घरांच्या मागे अख्खा फुजी.

एकच सूचना, तो मधोमध दुकानांजवळचा खोल निळा डोह, जिथे सगळे फोटो काढतात, तो त्या आठांतला नाही, नंतर केलेला आहे. लोक तोच बघून परत फिरतात. आठांतलं वाकुइके बघा. आणि पाण्यात नाणी टाकू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

शुभांगी

---

प्रेषक: अविनाश

नमस्कार. मुळात प्रश्न स्टेशन की तळी हा नाहीच, प्रश्न चालकाच्या तासांचा आहे, आणि तो कोणीच धरत नाहीये. गेली काही वर्षं बसचं बुकिंग मी करतोय त्यामुळे सांगतो.

एप्रिल २०२४ पासून नियम कडक झालेत. चालकाचा दिवस तो गॅरेजला हजर झाल्यापासून मोजतात, आपण चढल्यापासून नाही. साधारण १३ तास, अगदीच ताणलं तर १५, आणि पुढच्या कामाच्या आधी निदान ९ तास विश्रांती द्यावीच लागते, पूर्वी ८ चालायची. आता हिशोब करा. आपल्याला पावणेसातला बस पाहिजे म्हणजे तो सव्वापाचला हजर, १३ तास म्हणजे संध्याकाळी सव्वासहा. आपण लिहून दिलंय रात्री ८, त्यानंतर गॅरेजला जाणं, बस साफ करणं, म्हणजे १५ च्याही वर. मग ते दोन चालक लावतील आणि माणशी वर्गणी वाढेल. भाडंसुद्धा गॅरेज ते गॅरेज लागतं आणि तपासणीचा आधी एक तास, नंतर एक तास धरतात, वेळ आणि किलोमीटर दोन्हीचे पैसे, आणि सरकारने ठरवलेल्या खालच्या मर्यादेच्या खाली कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे घासाघीस करून उपयोग नाही.

कावागुचिकोहून पाचवं स्टेशन जाऊन-येऊन पावणेदोन तास नुसता रस्ता. वर तासभर. जवळजवळ तीन तास गेले. ओशिनो वाटेवर आहे.

परतीचं पण बोलायला हवं. चुओ हायवेने आलो तर कोबोतोके बोगद्यापाशी अडकणार हे ठरलेलं. ओशिनो शेवटी ठेवलं तर यामानाका तलावावरून गोतेम्बाला उतरून तोमेई धरता येतो, म्हणजे दुसरा हायवे.

अविनाश

---

प्रेषक: राहुल

> गोतेम्बाला उतरून तोमेई धरता येतो

मग तोमेईवर यामातो बोगद्याचं काय? तो काय कमी भरतो का शनिवारी? मी आत्सुगीत राहतो, रोज त्याच्या बातम्या ऐकतो.

आणि गोतेम्बापर्यंत येणारच असाल तर हाकोने तिथून किती लांब आहे सांगा बरं. जूनमध्ये विषय झाला तेव्हा मी भारतात होतो म्हणून परत लिहितोय. ओवाकुदानीला गंधकाच्या झऱ्यात उकडलेली काळी अंडी, एक खाल्लं की सात वर्षं आयुष्य वाढतं म्हणतात, ज्येष्ठांना केवढी मजा येईल. आशी तलावावर मुलांना चाच्यांचं जहाज. फुजी तिथूनही दिसतो.

राहुल

---

प्रेषक: शुभांगी

राहुल, ओवाकुदानीला दमा, हृदयविकार, पेसमेकर असलेल्यांनी जाऊ नये अशी तिथेच पाटी लावलेली असते, गंधकाच्या वाफांमुळे. १४ पैकी किती जणांना काय आहे ते तुला माहीत आहे का? मला माहीत आहे, आरोग्याचे फॉर्म माझ्याकडे येतात. हाकोने आता नको.

शुभांगी

---

प्रेषक: श्वेता

सगळ्यांना एक विनंती, जेवणाचं कोणीच बोलत नाहीये. समिती म्हणाली होती कावागुचिकोला हॉटेलात जेवू. मी दोन ठिकाणी फोन करून विचारलं. तिकडचा 'होतो' नावाचा पदार्थ म्हणजे जाड रुंद नूडल्स, भोपळा, भाज्या, मिसो. ऐकायला अगदी आपल्या वरणफळांसारखं आणि चवीलाही तसंच पोटभरीचं, पण रस्सा दाशीचा, म्हणजे मासळी उकळून काढलेल्या पाण्याचा. एका ठिकाणी म्हणाले भाज्याच आहेत, मांस नाही, मी दाशीचं विचारलं तेव्हा म्हणाले हो, ती असतेच. आणि योशिदा उदोनच्या (तिकडच्या नूडल्सच्या) दुकानात जाऊ म्हणणाऱ्यांसाठी, त्यात वर कोबी असतो तो ठीक, पण मांस असतं ते बहुतेक वेळा घोड्याचं. हे आधी माहीत असलेलं बरं, नंतर कोणाच्या आईला कळलं तर दिवसाचा विचका होईल. यादीत २१ जण शाकाहारी आहेत.

त्यामुळे माझं म्हणणं डबे न्यावेत. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दहीभात, मी आणि निशी-कासाईतल्या आणखी चौघी करू. कचरा परत आणायचा, तिकडे कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत.

श्वेता

---

प्रेषक: संदेश

श्वेताताई, डब्यांना माझा पाठिंबा, भांडी मी उचलतो.

थांब्यांबद्दल एक वेगळं सुचवू का. साई तलावाच्या काठी नेनबा नावाचं गाव आहे, गवती छपरांची घरं, समोर फुजी. १९६६ च्या सप्टेंबरात वादळी पावसात डोंगर खचला आणि अख्खं गाव चिखलाखाली गेलं. उरलेले लोक दुसरीकडे वसले. नंतर २००६ मध्ये त्याच जागी तशीच घरं उभी केली, आता आत विणकाम, मातीकाम वगैरे दाखवतात, आणि एका घरात त्या दरडीचे फोटो आणि माहिती.

मी आंबेगाव तालुक्यातला. २०१४ ला माळीणवर दरड आली तेव्हा आमच्या घरातली माणसं तिकडे धावली होती. नेनबाच्या त्या खोलीत मी बराच वेळ उभा होतो, एक म्हातारे गृहस्थ तिथे होते, त्यांनी मला विचारलं तुमच्याकडे पण असं होतं का, मी हो म्हणालो, मग त्यांनी चुलीजवळची जागा सरकवून दिली. तिथल्या घरांत खरी चूल पेटलेली असते, धुराने वासे काळे झालेत. आमच्या आजीचं घर डोळ्यांपुढे आलं.

८ तारखेला जमणार नाही हे कळतंय, पण पुढच्या वर्षी नक्की धरा. अर्ध्या दिवसाचं ठिकाण आहे, पायऱ्या फार नाहीत.

संदेश

---

प्रेषक: प्रसाद

संदेश, नेनबाला मी येणार, नाव लिहून ठेव.

बाकी शुभांगीताई म्हणतात तो वारा असतो, मान्य. पण मग ज्यांना वर जायचंय त्यांनी कावागुचिको स्टेशनवरून लाइनची (वेळापत्रकाची) बस पकडून जाऊन यावं आणि दुपारी तिथेच आपल्या बसला मिळावं, याला काय हरकत आहे? एका बाजूला पन्नासेक मिनिटं लागतात. सात-आठ जण तयार आहेत, मी त्यांच्याबरोबर राहीन.

प्रसाद

---

प्रेषक: अविनाश

हरकत आहे. मंडळाच्या सहलीचा विमा आपण दिलेल्या कार्यक्रमावर काढलाय. आठ माणसं वर, त्यात कोणाचा पाय घसरला, किंवा बर्फ पडून रस्ता बंद केला, नोव्हेंबरात ते कधीही होऊ शकतं, तर खाली ३५ माणसं थांबणार आणि चालकाचे तास तिकडे चालूच. ज्यांना वर जायचंय त्यांच्यासाठी शिन्जुकुहून थेट फुजी काइयू ट्रेन आहे, आरक्षण करून जायची, पावणेदोन-दोन तासांत कावागुचिको. नाहीतर शिन्जुकुहून हायवे बस. ते स्वतंत्र करा, मे महिन्यात, हवा चांगली बघून आणि वरचा रस्ता उघडलाय ना ते बघून. मी तिकिटं काढून देतो.

---

प्रेषक: मेघना (सहल समिती)

मंडळी,

बहुमत ओशिनोकडे आहे, वैयक्तिक ईमेल पण धरून. आज संध्याकाळी हे पाठवतेय:

निशी-कासाई ६:४५, वाटेत एकदा सर्व्हिस एरिया, साधारण १० ला ओइशी पार्क. आधी पार्क, कारण फुजी दिसला तर सकाळीच, दुपारनंतर ढग चढतात. लाल कोकियाची झुडपं बघायला मिळतील असं मुलांना सांगू नका, ती ऑक्टोबरातली, तोवर संपलेली असतील. जेवण तिथेच डब्यातलं. मग मोमिजीचा रस्ता. त्यांचा महोत्सव चालू असणार, उत्तर काठाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते म्हणून तिथे ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटंही जास्त नाही. पावणेदोनला ओशिनो, सव्वातीनला निघणं. पावणेपाचला अंधार पडतो, त्याआधी हायवेवर असलेलं बरं. सहापर्यंत परत पोचायचं. चुओ की तोमेई ते चालक त्या दिवशीचं ट्रॅफिक बघून ठरवेल, दोन्ही लिहून दिलेत.

चुरेइतो पॅगोडाचं तिघांनी विचारलं. ३९८ पायऱ्या आहेत, बाजूने उताराचा रस्ता आहे पण तोही चढच, या सहलीत नाही.

एक कळकळीचं. कावागुचिकोत रस्त्याच्या मध्ये उभं राहून फोटो काढणाऱ्यांमुळे मे २०२४ मध्ये तिथल्या लोकांना एका दुकानासमोर काळा पडदा लावावा लागला होता. तिथे माणसं राहतात. आपण मंडळाचा बॅनर घेऊन जातोय, कोणीही रस्त्यावर, कोणाच्या अंगणात, शेताच्या बांधावर उभं राहू नये. आपल्या मुलांकडे ज्याने त्याने बघायचं.

प्रसाद, मेच्या ट्रेनचं तू आणि अविनाशदादांनी बघा, वेगळी मेल काढा.

मेघना

---

प्रेषक: श्वेता

पुऱ्यांसाठी पाच जणी झाल्या, आणखी दोघी हव्यात, शुक्रवारी रात्री माझ्याकडे लाटायला येऊ शकतील अशा. बिनकांद्याच्या भाजीची गरज कोणाकोणाला आहे ते मलाच लिहा, लिस्टवर नको.

---

प्रेषक: राहुल

श्वेताताई, आईला बिनकांद्याची. आणि मेघना, आत्सुगीहून आम्ही थेट कावागुचिकोला गाडीने येऊन बसला मिळालो तर वर्गणी तेवढीच का?