आधी आट्यांची दिशा बघा

चाकाचे गंजलेले नट सुटत नसतील तर रात्रभर डिझेल मुरवून, जोर वाढवायला पान्याच्या दांड्याला पाइप लावा, असं सुचवतात ते ठीकच; पण जुन्या विलीज जीपला पाइप लावण्याआधी बाजू बघा. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटणारे. सवयीने उलट जोर लावला तर ते आणखी आवळतात आणि शेवटी स्टडच, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्टच, तुटतो. स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ असतो, तारेच्या ब्रशने गंज घासला की दिसतो. आधीच्या मालकाने स्टड बदलले असतील तर मात्र भरवसा नाही! मग बाहेर डोकावणारे आटे पाहा: टोक वर धरलंय असं समजून आटे डावीकडे चढत असतील तर उलटे.

सॉकेट पाऊण इंची, सहा कोनीच घ्या; बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाच्या कडा गोल करतं. आणि टायर चढवलेला असताना नट तापवायला गॅसची ज्योत नको.