मदत हवी आहे: घरच्या रेकॉर्डिंगसाठी टेबल, रविवारपर्यंत ठरवायचंय

कोमल_गांधार | गुरुवार, रात्री ११:४०

मंडळी, मी घरीच रेकॉर्डिंग करतो. आतापर्यंत डायनिंग टेबलावर भागवलं, पण आता रोज वाजायला लागलंय (गाणं नव्हे, भांडण). जेवायच्या वेळी सगळ्या वायरी काढा, जेवणं झाली की परत लावा.

ऑनलाइन दोन टेबलं काढून ठेवली आहेत. एक १२० सेंमी रुंद, वर स्पीकरसाठी फळी. दुसरं १४० सेंमी, खाली किबोर्डसाठी सरकती फळी. सामान नेहमीचंच: लॅपटॉप, २४ इंची स्क्रीन, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा), पाच इंची दोन स्पीकर, किबोर्ड.

सेल रविवारी रात्री संपतोय. 'सुतार गाठा' असं कृपया कोणी सांगू नका, मागच्या सुताराच्या जखमा अजून ओल्या आहेत. पहिलं की दुसरं, एवढंच सांगा.

अश्विनी_के | रात्री ११:५२

खोली केवढी आहे? किबोर्ड किती पट्ट्यांचा? बजेट किती? आणि टेबलावर बसून नक्की काय करता, वाजवता की फक्त मिक्सिंग?

मिक्सिंग_मन्या | शुक्रवार, रात्री १२:१५

टेबलाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. आधी खोली. कोपऱ्यांत बेस ट्रॅप (घुमणारा जाड आवाज शोषायला), दोन्ही बाजूंना रॉकवूलचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे पॅनेल, मग कान कुठे येतात ते ठरवायचं. खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसा, हा सुरुवातीचा अंदाज. मग तिथे मावेल ते टेबल घ्या. लोक उलटं करतात आणि नंतर 'माझा बेस गाडीत वेगळा का वाजतो' म्हणून नवा धागा काढतात.

खडूस_काका | सकाळी ६:०५

आम्ही ट्रंकेवर टेपरेकॉर्डर ठेवून भजनं टेप केली. ट्रंकेला सेल नव्हता.

कोमल_गांधार | सकाळी ९:२०

मन्या, मी टेबल विचारलं, तुम्ही खोली बांधायला घेतलीत. खोली नेहमीची बेडरूम, दहा बाय दहा. किबोर्ड ८८ पट्ट्यांचा. बजेट बारा हजार. झालं समाधान? पहिलं की दुसरं?

मिक्सिंग_मन्या | सकाळी ९:४१

दहा बाय दहा! चौकोनी खोली म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमणार, साधारण ५६ हर्ट्झवर. म्हणूनच म्हणत होतो.

सुतारपक्षी | सकाळी १०:३०

कोमलराव, मी सुतार नाही, हौशी आहे, त्यामुळे चिडू नका. ८८ पट्ट्यांचा किबोर्ड कोणता? यामाहा पी-४५ धरला तर रुंदी १३२.६ सेंमी. म्हणजे १२० चं टेबल तिथेच बाद, दोन्ही बाजूंनी किबोर्ड बाहेर लोंबेल.

१४० चं पण लगेच घेऊ नका. वरची फळी १४०, पण पायांच्या आतलं अंतर किती? माहितीच्या पानावर ते सहसा देत नाहीत. फोटोत पाय जाड दिसत असतील तर आत १३० सुद्धा उरणार नाही.

आणि खरी गोम उंचीत आहे. टेबल ७५ सेंमी उंच. त्यातून वरची फळी १.८ गेली, किबोर्डची उंची १५.४ गेली, वर दीड सेंमी तरी हवा, खालची सरकती फळी आणखी १.८. गुडघ्यांसाठी उरले ५४.५. खुर्चीची बैठक ४५ आणि वर मांडीची जाडी १५, झाले ६०. पाय आत जातच नाहीत! त्या सरकत्या फळ्या कॉम्प्युटरच्या चपट्या किबोर्डसाठी असतात. शिवाय पी-४५ साडेअकरा किलोचा आहे, वर हातांचा भार. टेलिस्कोपिक चॅनेल (फळी ज्यावर सरकते ती लोखंडी पट्टी) चांगलं असलं तर ठीक, नाहीतर फळी महिन्याभरात समोर झुकते.

कोमल_गांधार | सकाळी १०:४४

पी-४५ च आहे. मग काय करू?

सुतारपक्षी | सकाळी १०:५०

१८ एमएम प्लायचं करून घ्या. उंची ८२, आत १४० मोकळं, मधे एकही दांडी नाही. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये जवळजवळ होतं. वर सनमायका, शक्यतो मॅट, चकचकीत नको. मजुरीसकट तुमच्या बजेटात बसावं.

कोमल_गांधार | सकाळी १०:५२

सुतार नको म्हणालो होतो.

न्यूजर्सीकर | सकाळी ११:१०

इकडे बरेच जण सरळ दार वापरतात. दाराची पोकळ फळी आणायची, दोन फायलींच्या कपाटांवर टाकायची, झालं टेबल. मी मात्र मोटरवालं, वरखाली होणारं घेतलं. पाठ एकदम बरी. एकदाच घोळ झाला, टेबल वर गेलं आणि वायर आखूड असल्याने इंटरफेस खाली आला.

सुतारपक्षी | सकाळी ११:२५

पोकळ नको! मी एकदा ऑनलाइन टेबल मागवलं होतं, दिसायला जाडजूड. माइकच्या आर्मचा क्लॅम्प आवळला तर वरचा थर आत दबला आणि बशीएवढा खळगा पडला. कापून पाहिलं तर आत पुठ्ठ्याची जाळी. पण दाराची कल्पना वाईट नाही. आपल्याकडचं भरीव फ्लश डोअर सात बाय तीन फुटांचं, ३० एमएम जाड मिळतं. दुकानदारच कापून देतो. वजनदार असतं, उचलायला दोन माणसं लागतील, पण वजनदार तेच बरं, थरथरत नाही. खाली लोखंडी घोड्या. कोमलराव, राहता कुठे?

कोमल_गांधार | दुपारी १२:०२

डोंबिवली. स्टेशनपासून सात मिनिटं, म्हणून रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावर.

सुतारपक्षी | दुपारी १२:०९

मग उल्हासनगरचं फर्निचर मार्केट हाताशी आहे की! तिकडे एक चक्कर मारा, सेल गेला उडत.

भैरू | दुपारी १२:३०

गाणी अपलोड करताना कव्हर फोटो चौकोनीच ठेवा, ३००० बाय ३००० पिक्सेल. माझी दोनदा परत आली होती.

मीनल२२ | दुपारी १२:४४

धागा उपयोगी आहे. माझी मुलगी सातवीत आहे, तिच्या अभ्यासासाठी पण ७५ सेंमी उंची चालेल का?

मिक्सिंग_मन्या | दुपारी १:१५

दार टाका नाहीतर दरवाजा टाका, तीन फूट खोल सपाट फळी म्हणजे स्पीकरसमोर आरसा धरल्यासारखं. आवाज थेट कानात येतो आणि टेबलावर आपटून पुन्हा क्षणभर उशिरा येतो, दोन्ही मिसळून मधल्या पट्टीतल्या आवाजात खड्डे पडतात. करून बघा: टेबलावर खरा आरसा आडवा ठेवा आणि खुर्चीत बसा. आरशात ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा गोल) दिसला तर तिथून आवाज तुमच्याकडे उसळतोय. टेबल जितकं लहान तितकं चांगलं. स्पीकर स्वतंत्र स्टँडवर, टेबलाच्या मागे, ट्वीटर कानाच्या उंचीला.

सुतारपक्षी | दुपारी १:३१

दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आहे, कपाट आहे, त्यात टेबल, टेबलामागे स्टँड, स्टँडमागे मोकळी जागा. कोमलरावांनी झोपायचं कुठे? गॅलरीत?

मिक्सिंग_मन्या | दुपारी १:३८

मी पलंग काढला. गादी टाकून झोपतो.

सुतारपक्षी | दुपारी १:४०

तुमचं लग्न व्हायचंय वाटतं. (हलके घ्या.)

अश्विनी_के | दुपारी २:२०

माझ्या एका प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही: टेबलावर बसून करता काय? आणि पी-४५ दोन्ही हातांनी पियानोसारखा वाजवता का?

कोमल_गांधार | संध्याकाळी ७:१५

ताई, किबोर्ड भाच्याचा आहे, तो बंगळुरूला गेला तेव्हा ठेवून गेला. मी त्यावर कधीतरी मागे स्ट्रिंग्जचा एखादा सूर धरून ठेवतो. मुख्य काम अभंगांचं. एक राहिलं, पेटीला टेबलावर समोर जागा हवीच, स्क्रीन मागे सरकली तरी चालेल.

सुतारपक्षी | संध्याकाळी ७:१९

पेटी??

मिक्सिंग_मन्या | संध्याकाळी ७:२०

पेटी कुठून आली मधेच?

कोमल_गांधार | संध्याकाळी ७:२८

मधेच कुठे? अभंग म्हटल्यावर पेटी आलीच ना. डायनिंग टेबलावर ठेवून वाजवतो, खुर्चीत बसून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली मांडी घालायला डॉक्टरांची बंदी आहे. म्हणून तर टेबल हवंय! सध्या उजवा खांदा इतका दुखतो की दोन अभंगांनंतर शेकायला लागतं.

खडूस_काका | संध्याकाळी ७:४५

बंदीवरून आठवलं. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती थेट १९७१ ला उठली, तीही पूर्ण नाही. तुमच्या टेबलापेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

न्यूजर्सीकर | संध्याकाळी ७:५८

काका, कारण मींड ना? पेटीवर दोन सुरांच्या मधे घसरता येत नाही म्हणून?

खडूस_काका | रात्री ८:१०

मींड हे एक, आणि पट्ट्यांचे ठरीव बारा सूर, त्यांत श्रुती (सुरांमधले बारीक फरक) बसत नाहीत हे दुसरं. रेडिओवरच्या गोऱ्या साहेबांनाही पेटी नको होती आणि आपल्यातल्या शुद्धवाद्यांनाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकांनी तिच्यावर उभं आयुष्य घातलं, आणि हे म्हणे

खडूस_काका | रात्री ८:११

चुकून पाठवलं गेलं. पुढचं उद्या लिहितो.

अश्विनी_के | रात्री ८:३०

काका, वेगळा धागा काढा, मी येईन वाचायला.

कोमलजी, दोन मापं घ्या. जमिनीपासून पेटीच्या पट्ट्यांपर्यंत किती? आणि खुर्चीत ताठ बसून हात सैल सोडून कोपर दुमडलं, तर जमिनीपासून कोपरापर्यंत किती?

कोमल_गांधार | रात्री ९:०५

पट्ट्या ९६. कोपर ६७.

अश्विनी_के | रात्री ९:१२

म्हणजे तुम्ही जवळजवळ एक फूट उंच वाजवताय. खांदा सतत वर उचललेला, शिवाय डावा हात पलीकडे भात्यावर. दुखणारच. नवीन टेबल घेतलंत तरी तेही ७५ च असणार, दुखणं तेच, फक्त बारा हजार कमी. (मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट हेच सांगत येतात, फक्त त्यांच्याकडे पेटीऐवजी लॅपटॉप असतो.)

पेटी टेबलावरून काढा. तिच्यासाठी वेगळं बुटकं स्टूल, खुर्चीच्या बाजूला काटकोनात. टेबल फक्त स्क्रीन आणि लॅपटॉपला. वाजवायचं तेव्हा खुर्ची वळवायची.

मिक्सिंग_मन्या | रात्री ९:३०

हे पटलं. रेकॉर्डिंगलाही फायदा. पेटी टेबलावर ठेवून माइकही त्याच टेबलावर असेल तर भात्याचा प्रत्येक धक्का लाकडातून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. तुमच्या ट्रॅकमध्ये 'धप् धप्' ऐकू येतं ना?

कोमल_गांधार | रात्री ९:३४

येतं. मला वाटलं वरच्या मजल्यावरचे.

मिक्सिंग_मन्या | रात्री ९:३६

वरच्यांना विचारून झालं का?

कोमल_गांधार | रात्री ९:३७

सोसायटीच्या ग्रुपवर लिहून झालंय.

सुतारपक्षी | रात्री १०:००

अरेरे. असो. मग पी-४५ टेबलाखाली घालायचा हट्टच नको, पलंगाखाली ठेवा. एका सुरासाठी २५ पट्ट्यांचा छोटा किबोर्ड पुरतो. तेव्हा १२० चं टेबल चालेल, मात्र ती वरची स्पीकरची फळी कितीवर आहे ते बघा. ट्वीटर कपाळाच्या वर गेला तर स्पीकर खाली कलवावे लागतील. तरी मी म्हणेन, फ्लश डोअर चार फुटांवर कापून घ्या.

कोमल_गांधार | शनिवार, रात्री १:२०

आत्ता करून पाहिलं. घरात ४५ सेंमीचं स्टूल होतं, त्यावर पेटी. पट्ट्या ६६ वर आल्या, पण गुडघे पेटीच्या कडेला आपटायला लागले, नेमका ऑपरेशनचाच. मग देवघरातले दोन पाट स्टुलावर टाकले (सकाळी परत ठेवायचेत, नाहीतर माझं काही खरं नाही) आणि खुर्चीवर जाड उशी घेतली. आता पट्ट्या ७४, कोपर ७५. पुढच्या कडेवर बसलं की गुडघेही वाचतात. एक अभंग सलग वाजवला, खांदा गप्प. माइक स्टँड वेगळा जमिनीवर ठेवला, धप् धप् गेलं. पण आता भाता ओढला की पाटावर पाट कुरकुरतो.

सुतारपक्षी | सकाळी ७:३०

पाटांच्या मधे सायकलची जुनी ट्यूब कापून घाला. स्टुलाच्या पायांखालीही तेच.

अश्विनी_के | सकाळी ८:१५

उशी दबते, तेव्हा आठवड्याने पुन्हा मापून बघा. आणि गुडघ्याला काही झालं तर तुमच्या डॉक्टरांना आधी दाखवा, धाग्यावर नंतर लिहा.

कोमल_गांधार | सोमवार, रात्री १०:१०

ट्यूबने काम झालं. सेल संपला, टेबल घेतलं नाही. लॅपटॉप आणि स्पीकर अजून डायनिंग टेबलावरच आहेत, पण पेटी उठल्यामुळे अर्धं टेबल मोकळं झालं आणि घरात तात्पुरता तह झालाय. पुढच्या रविवारी उल्हासनगरला जाऊन दार बघणार आहे. सुतारपक्षी, येताय का? वरच्यांची माफी ग्रुपवर मागून झाली.

सुतारपक्षी | रात्री १०:१४

येतो. टेप मी आणतो.

मिक्सिंग_मन्या | रात्री १०:२०

जाताना आरसाही न्या.

मीनल२२ | रात्री १०:४१

कोमलजी, भाच्याचा किबोर्ड विकायचा आहे का? मुलीला शिकायचंय. आणि तो ठेवायला टेबल कोणतं घेऊ?