मदत हवी आहे: व्यालेली भटकी मांजरी आणि तिची पिल्लं – आधी कोणाला पकडू?

इमारतीमागच्या अडगळीच्या शेडमध्ये एक भटकी मांजरी व्याली आहे. चार पिल्लं आहेत. आई माणसाला जवळ फिरकू देत नाही, लांबून नजरानजर झाली तरी फिस्कारते आणि फळ्यांखाली शिरते. पिल्लांना दात आलेत, पळतात छान आणि आईच्या खाण्यात तोंड घालतात. त्यावरून ५ आठवड्यांच्या आसपासची असावीत असा माझा अंदाज.

मला घाई झाली आहे ती दोन कारणांनी. माणसाची सवय लागण्याचं पिल्लांचं वय फार थोडं असतं, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्यापर्यंत. ते उलटलं की पिल्लू बिचकं होतं आणि त्याला घर मिळणं कठीण जातं. दुसरं कारण आई. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिली की ९ आठवड्यांत पुढची वीण. या पिल्लांतल्या माद्यासुद्धा ४-५ महिन्यांच्या झाल्या की गाभण राहू शकतात. एक दांडगा बोका संध्याकाळी शेडभोवती घुटमळतो, तो दिसला की माझा जीव खालीवर होतो.

ठरवलंय ते असं: आईचं निर्बीजीकरण करून तिला याच जागी परत सोडायचं आणि पिल्लं माणसाळवून घरं शोधायची. शेजारचे काही जण म्हणतात, पोत्यात घालून लांब सोडून या. ते मी होऊ देणार नाही. अनोळखी जागी तिला अन्नपाणी आणि आडोसा कुठे आहे ते ठाऊक नसतं, तिथली मांजरं तिला टिकू देत नाहीत, परतीच्या धडपडीत ती गाडीखालीही येऊ शकते. आणि इथलं खरकटं उघडं राहिलं तर दुसरं मांजर येणारच.

दार पडणारा पिंजरा मिळाला आहे. सध्या दार दोरीने वर बांधून ठेवलंय, तळाशी वर्तमानपत्र घातलंय आणि खाणं ठरलेल्या वेळी आत ठेवते, रोज थोडं आणखी आत सरकवत. आई आता अर्धी आत येऊन खाते. पुढचं मात्र कळत नाही:

आधी आई की आधी पिल्लं? आईला नेलं तर पिल्लं उघड्यावर, पिल्लं नेली तर आई जागाच सोडून जाईल का? पाय पडला की दार पाडते ती आतली पट्टी पिल्लाच्या वजनाने दबेल का? पकडण्याआधी उपाशी ठेवा म्हणतात, पण ही अंगावर पाजणारी आहे, तिला किती ताणायचं? शस्त्रक्रियेनंतर दूध आटतं का?

प्रतिसाद

पिंजऱ्याची सवय लावताय हे उत्तम, निम्मं काम तिथेच होतं. आता त्या पट्टीवर विसंबू नका. हलकं पिल्लू तिच्यावरून चालत जातं, खातं आणि परत येतं. शिवाय एक आत आणि दुसरं उंबऱ्यावर असताना दार पडलं तर मागच्याला दुखापत होते. पाण्याने भरलेली बाटली दाराखाली टेकू म्हणून उभी करा, तिला लांब दोरी बांधा आणि आडोशाला बसा. सगळी शेपटीसकट आत आली की दोरी ओढा. आधी रिकाम्या पिंजऱ्यावर ही ओढ जमवून घ्या, कारण एकदा दार चुकून आपटलं की मांजरी बरेच दिवस पिंजऱ्याजवळ येत नाही.

क्रमाचं म्हणाल तर सगळी एकाच बैठकीत मिळावीत हे ध्येय ठेवा. बहुधा एखादं धीट पिल्लू आधी सापडतं. त्याला कॅरिअरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या जाळीदार पेटीत, ठेवा, कॅरिअर पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला चिकटवा आणि दोन्हींवर मिळून एक चादर टाका, म्हणजे पिल्लापर्यंतची वाट पिंजऱ्यातूनच आहे असं आईला वाटेल. पिल्लाच्या हाकेपुढे कोणतंही आमिष फिकं. मात्र पिल्लू उन्हात किंवा गारठ्यात ताटकळता कामा नये.

एरवी मोठ्या मांजराचं खाणं आदल्या दिवशीच बंद करतात, पण तुमच्या मांजरीचं फक्त आधीचं एक जेवण चुकवा. पाणी कुणाचंच तोडू नका. पिल्लांना उपाशी ठेवूच नका, त्यांची साखर पटकन उतरते. आत वासाचं ओलं खाणं ठेवा, मासा सगळ्यात चांगला.

निर्बीजीकरणाने दूध आटत नाही, गर्भाशय आणि अंडाशय काढले तरी दुधाच्या ग्रंथी तशाच असतात. तुमची पिल्लं खायला लागलेली आहेत, तेव्हा एखादा दिवस आईवाचून काढतील. ती दूध पाजते हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि भूल असतानाच निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापायला सांगा, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा पकडणार नाही. पिल्लांचंही निर्बीजीकरण ती साधारण ८ आठवड्यांची आणि किलोभर वजनाची झाली की करता येतं.

आणखी एक प्रतिसाद

दार पडल्या क्षणी पिंजरा जाड चादरीने पूर्ण झाका. अंधार झाला की ती शांत होते, नाहीतर जाळीवर डोकं आपटून नाक फोडून घेते. पिंजरा लावून घरी निघून जाऊ नका. आणि कितीही कीव आली तरी आत बोट घालू नका, पिल्लू असलं तरी. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाटली-दोरीचा सराव आजच सुरू करते. डॉक्टरांची वेळ पक्की झाल्याशिवाय दोरी ओढणार नाही, पकडून तिला पिंजऱ्यात दिवसेंदिवस ठेवायची नाही मला. तो बोका मध्येच पिंजऱ्यात शिरला तर काय करू? हाकलू?

प्रतिसाद

तो आत असेल तेव्हा दोरी ओढू नका, खाऊन जाऊ दे. दाराच्या आवाजाने आई बुजेल. ती आणि पिल्लं हाती आली की पुढचा नंबर त्याचा, तोपर्यंत त्यालाही याच पिंजऱ्यात खायची सवय लागलेली असेल.